अंगठी नष्ट झाल्यानंतर

अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे पोरासोरांचे वाचन, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे आणि तो वर्गात जेवढा, तेवढाच प्राध्यापकांच्या खोलीतही आढळतो. जादूगार, तलवारी, शेवटी सत्पक्षाचा जय. यात प्रौढ वाचकाने शोधायचे काय? जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा आणि अखेरचा खंड, 'द रिटर्न ऑफ द किंग' (१९५५), वाचल्यावर माझा तरी हा समज पार मोडला.

कथा थोडक्यात अशी. जगावर सत्ता गाजविण्याचे सामर्थ्य असलेली एक अंगठी ज्या ज्वालामुखीत घडली, तेथेच टाकून नष्ट करायची आहे. हे काम अंगावर घेतो फ्रोडो, हॉबिट नावाच्या ठेंगण्या, खाऊनपिऊन सुखी जमातीतला एक जण. सोबतीला त्याचा माळी सॅम; आणि वाट दाखविता दाखविता दगा देणारा गोलम, जो अंगठीच्या लोभाने केव्हाच माणसांतून उठलेला आहे.

एवढी वाट तुडवून फ्रोडो त्या अग्निकुंडाच्या काठाशी उभा राहतो, आणि ऐन क्षणी अंगठी टाकायचे नाकारतो! ती आपली म्हणून बोटात घालतो. नायक हरतो. गोलम झडप घालून ते बोटच दातांनी तोडतो आणि अंगठीसकट आगीत कोसळतो. याला कोणी योगायोग म्हणतील; मला ते मान्य नाही. गोलमला ठार करण्याची संधी पूर्वी बिल्बोला, पुढे फ्रोडोला आणि अगदी शेवटी सॅमलाही मिळाली होती. तिघांनीही दया येऊन हात आवरला. फ्रोडोचे बळ जेथे संपते, तेथे ती जुनी दया उपयोगी पडते.

पण या खंडाचे खरे मोठेपण पुढेच आहे. हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचा शायर प्रांत सॅरुमानच्या गुंडांनी बळकावलेला असतो. झाडे तोडलेली, जागोजागी नवे नियम, शेजारी शेजाऱ्याला भ्यालेला. दूरच्या शत्रूला जिंकून आलेल्यांना स्वतःचे अंगण पुन्हा मिळवावे लागते. पीटर जॅक्सन यांच्या २००३ सालच्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली, परंतु हे प्रकरण त्यात गाळले आहे. माझ्या मते तेथे कथेचा कणाच काढला गेला.

शायर सावरतो. सॅम रोपे लावतो, संसार थाटतो. फ्रोडो मात्र सावरत नाही. जुनी जखम दरवर्षी त्याच तिथीला ठणकते, आणि दोनेक वर्षांनी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. ज्याने घर वाचविले, त्यालाच त्या घरात राहता येत नाही.

हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या रणभूमीवर होता. १९१८ पर्यंत त्याचे एक सोडून सारे जिवलग मित्र मरण पावले होते. आपली कथा म्हणजे कोणत्याही युद्धाचे रूपक नव्हे, असे त्याने बजावून सांगितले आहे, आणि ते आपण मानावे. पण विजयानंतरची पोकळी त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. युद्ध जिंकूनही सुख न लाभलेला युधिष्ठिर ज्यांना ठाऊक आहे, त्या आपल्या वाचकांना फ्रोडो परका का वाटावा?

ग्रंथात दोष आहेत. स्त्रिया मोजक्याच, वर्णने लांबलचक. तरीही मी म्हणेन, विद्यार्थी मित्रहो, परीक्षेला नाही म्हणून हा खंड टाळू नका. आणि अंगठी आगीत पडली म्हणून पुस्तक मिटूही नका. जिंकण्याची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. जिंकल्यावर घरी काय उरते, हे सांगणारे थोडे.