यंत्र लावून झोपायला शिकताना

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. "काय मस्त झोप लागते बघा," असे आपण हसत म्हणतो. पण मोठ्याने घोरता घोरता आवाज एकदम बंद व्हावा, दहा-वीस सेकंद श्वासच ऐकू येऊ नये आणि मग गुदमरल्यासारखा हिसका बसून पुन्हा घोरणे सुरू व्हावे, ही मस्त झोप नव्हे. हा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. श्वास असा तासात ३० किंवा अधिक वेळा अडला, तर आजार तीव्र समजतात.

आमच्या जाऊबाईंचा श्वास तासाला ३४ वेळा अडत होता. त्या अंगणवाडी सेविका. पहाटे उठून घरचे आवरून जायच्या, पण दुपारी रजिस्टर लिहिताना हातातले पेन गळून पडायचे. सकाळी डोके दुखे, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या तरी ते उतरेना. घरीदारी 'झोपाळू' हे नाव मात्र पडले. पुरुष घोरला तर बायको चारचौघांत सांगते. बाई घोरते हे डॉक्टरांना सांगायलाही लाज वाटते. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे तर पुष्कळ घरांत ठाऊकच नसते. शेवटी धाकट्या लेकीने आईचे घोरणे मोबाईलवर टिपून डॉक्टरांना ऐकविले. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी झाली आणि सीपॅपचे यंत्र घरी आले.

हे यंत्र म्हणजे ऑक्सिजन नव्हे आणि व्हेंटिलेटरही नव्हे. खोलीतलीच हवा ते ठराविक दाबाने नळीतून नाकात सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते, एवढेच त्याचे काम. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार १९८१ साली वैद्यकीय जगापुढे मांडला. त्यापूर्वी तीव्र आजाराच्या रुग्णाला गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून द्यावी लागे. हे कळले की नाकावरचा मास्क तितका जड वाटत नाही.

तरी पहिले पंधरा दिवस कठीण गेले. हवा अंगावर येते, जीव घाबरतो, तोंड कोरडे पडते, मास्कच्या कडेने वारा डोळ्यात जातो. दहाव्या रात्री जाऊबाईंनी मास्क काढून फेकला. म्हणाल्या, "दवाखान्यातल्या शेवटच्या घटकेच्या माणसासारखी दिसते मी." करोनाच्या दिवसांत आपण जे पाहिले, ते मनातून गेलेले नाही. म्हणून आम्ही जबरदस्ती केली नाही. दिवसा टी.व्ही. पाहताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, एवढेच ठरविले. आठवडाभरात भीती ओसरली.

आमच्या घरी जे उपयोगी पडले ते सांगतो. मास्कचे पट्टे आडवे झोपून, यंत्र चालू ठेवून बसवावेत. फार आवळू नयेत, आवळल्याने हवा थांबत नाही, उलट नाकावर वळ उठतात. सुरुवातीला कमी दाब ठेवून तो हळूहळू वाढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती दुकानदाराकडून सुरू करून घ्यावी. मूळ दाब मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नये. घसा सुकत असेल तर पाण्याची टाकी जोडावी. तिच्यात डिस्टिल्ड पाणी घालावे, रोज सकाळी ओतून टाकी वाळवावी. यंत्र अंथरुणापेक्षा खाली ठेवावे, म्हणजे नळीतले पाणी तोंडावर येत नाही. मास्कची नाकाला टेकणारी बाजू रोज साध्या साबणाने धुवावी. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून उच्छ्वास बाहेर जातो, ती पदराने किंवा पांघरुणाने झाकू नयेत. वीज गेली तर मास्क काढून ठेवावा आणि त्या रात्री कुशीवर झोपावे. मास्क जमतच नसेल तर यंत्र कपाटात टाकण्याआधी दुसऱ्या आकाराचा मास्क मागावा. नाकापुरता, नाक-तोंड झाकणारा, नाकपुड्यांना नुसता टेकणारा, असे प्रकार असतात.

खरा प्रश्न माणसांचा होता. थोरल्या लेकीकडे बाळाचे बारसे होते आणि जाऊबाई मुक्कामाला जायला तयार नव्हत्या. व्याह्यांच्या घरी हे लावून कसे झोपायचे? आम्ही यंत्राची पिशवी स्वतः उचलली आणि विहीणबाईंना आधीच सरळ सांगितले. त्यांनी काळजीने विचारले, "ऑक्सिजन लागतो का?" आम्ही समजावून सांगितले. रात्री सगळ्या बायका एका खोलीत झोपल्या, यंत्राची मंद घरघर चालू होती, कोणाची झोप मोडली नाही. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनीच हळूच विचारले, "आमचे हेही रात्री असेच गुदमरतात. कुठे दाखवायचे?"

आज चार महिने झाले. दुपारची पेंग गेली, सकाळची डोकेदुखी गेली. ब्लडप्रेशर थोडे उतरले आहे, गोळ्या मात्र तीनच आहेत आणि त्या कमी करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. यंत्राने आजार मुळातून जात नाही. ज्या रात्री ते लावले नाही, त्या रात्री घोरणे परत येते. म्हणून दुपारच्या झोपेलाही ते लावावे. वजन उतरवावे, आणि दारू व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी घसा अधिक सैल पडतो.

वाचकहो, आपल्या घरात कोणी घोरता घोरता थांबत असेल, भरपूर झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एक रात्र जागून त्याचा श्वास ऐका. रिक्षा, टेम्पो, एस.टी. चालविणारा माणूस असेल तर उशीर करूच नका. चाकावर लागलेली एक डुलकी पुरेशी असते. आणि घरात यंत्र आले तर त्याची थट्टा करू नका. मास्क लावणाऱ्याला धीर देणे हे घरातल्या सर्वांचे काम आहे.