माती परीक्षण न करता गाडीचा डोस सांगू नका



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण गाडीचा हप्ता शेवटी पिकातूनच जातो, म्हणून इथेच लिहितो.

गेल्या आठवड्यात एक कृषी पदवीधर मित्र शेतावर आला होता. वांग्यातली शेंडा पोखरणारी अळी बघायला आला, आणि नजर गेली माझ्या जुन्या डिझेल जीपवर. म्हणाला, "दादा, डिझेलचे दिवस संपले. हायब्रिड घ्या. लिटरला सत्तावीस देते." मुलाने लगेच मान डोलावली. त्याच्या खिशात दोन कोटेशन तयारच होती.

मी मित्राला विचारलं, "माती परीक्षण न करता युरिया किती टाकायचा, हे सांगशील का मला?"

"नाही."

"मग माझा रस्ता, माझी फेरी, माझं ओझं न विचारता गाडी कशी सांगतोस?"

तो हसला. मी मात्र त्या रात्री वही काढून बसलो. कारण प्रश्न खरा आहे. माझी जीप २०१३ ची. २०२८ ला पंधरा वर्षं भरतात, मग पुन्हा नोंदणी, तपासणी, हरित कर. निर्णय घ्यावाच लागणार.

आधी माझी माती. शेत उत्तन-डोंगरीच्या बाजूला. माल जातो भाईंदर पश्चिमेच्या बाजारात, आठ-नऊ किलोमीटर. सकाळी दहा-बारा क्रेट वांगी, मुळा, पालेभाजी. येताना बी, खत, घरचं सामान. महिन्याचं रनिंग ८०० किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं भाईंदरच्या कोंडीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

आता कबुली देतो. मी जन्माचा डिझेलवाला, पण या रस्त्यावर डिझेल हरतं. टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल करून मोजलं. माझ्या जीपला इथे लिटरला १३ पडतात. पाहुण्यांची हायब्रिड याच भागात फिरते, तिला दोन टाक्यांत सरासरी २१ पडले. सत्तावीस-अठ्ठावीसचा आकडा चाचणीतला, रस्त्यावरचा नाही. तरी २१ म्हणजे काही कमी नाहीत. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा. हायब्रिडला किलोमीटरला पाच रुपये, डिझेलला सात. दोन रुपयांचा फरक.

हे कसं होतं तेही समजून घ्या, कारण गावात अजून कोणी विचारतं, "चार्जिंगला कुठे लावायची?" कुठेच नाही. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते आणि हळू चालताना तीच गाडी ढकलते. ग्रँड विटारासारख्या गाडीत ही बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, म्हणजे एक एचपीची मोटर तासभर चालेल एवढीच वीज. पण काशिमीऱ्याच्या सिग्नलला इंजिन बंद ठेवून पुढे सरकायला तेवढी पुरते. डिझेल तिथे उभं राहून धूर काढत बसतं, आणि तो धूर शेजारच्या रिक्षातल्या शाळकरी पोरांच्या नाकात जातो. हे मला मान्य करावंच लागेल.

डिझेलवाल्यांनी आणखी एक ऐकावं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला धुराच्या नळीत काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन चांगलं तापून काही वेळ एका वेगाने चालावं लागतं. आठ किलोमीटरच्या कोंडीत ते होत नाही. माझ्या पुतण्याने हौसेने नवी डिझेल घेतली, आणि वर्षभरात डॅशबोर्डवर दिवा. मेकॅनिक म्हणाला, हायवेला पळवून आण. आता तो दर दोन-तीन रविवारी शिरसाड फाट्यापर्यंत रिकामी गाडी पळवतो. डिझेल जाळून डिझेलची काजळी साफ करतो! "आपल्याला डिझेलच पाहिजे" म्हणणाऱ्यांनी आधी आपली फेरी किती लांब आहे ते मोजावं. "हायब्रिडची बॅटरी दोन वर्षांत जाते" हेही पसरवू नका. टोयोटा हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते.

मग मी हायब्रिड घेणार का? नाही. इथेच मित्राचं गणित चुकतं.

मुलाने आणलेली कोटेशन अशी : एक बोलेरोसारखी साधी डिझेल, दुसरी मधल्या आकाराची हायब्रिड. ऑन-रोड फरक आठ लाख. हे आठ लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी कर्जाने घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण १२,८७०. आणि माझी इंधनाची बचत? ८०० किलोमीटर गुणिले दोन रुपये, १,६०० रुपये. म्हणजे १,६०० वाचवण्यासाठी १२,८७० भरायचे. हा व्यवहार कोणी खताच्या दुकानात केला असता तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बैलगाडीशी विमान लावताय. सारख्या आकाराची डिझेल धरा." बरं, धरली. फरक तीन लाख. हप्ता ४,८२५ च्या आसपास. तो नुसत्या इंधनातून निघायला महिन्याला निदान २,४०० किलोमीटर गाडी पळायला हवी, तीही कोंडीत. काशिमीरा ते अंधेरी रोज प्रवासी वाहणाऱ्याने जरूर घ्यावी, तो महिन्याला तीन हजार करतो. भाजी विकणाऱ्याने कशाला?

आणि ओझ्याचं काय? त्याच ग्रँड विटाराची डिकी साध्या पेट्रोल प्रकारात ३७३ लिटर आहे. हायब्रिडमध्ये खाली बॅटरी आल्यामुळे २६५. माझे दहा क्रेट तिच्यात जात नाहीत. मागच्या सीटवर टाकायचे म्हटलं, तर अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा घ्यायची जाळी तिथेच असते. त्यावर ओली गोणी टेकली, माती गेली, की बॅटरी कोंडते. गाडीचा दोष नाही यात. ती माणसं बसवायला केली आहे, मुळे न्यायला नाही.

आता वाड्याचे माझे साडू घ्या. भाताच्या गोणी, मागे कधी छोटी ट्रॉली, मनोरमार्गे हायवे, कधी जव्हारचा घाट. मोकळ्या हायवेला माझी जीपसुद्धा १७ देते, पाहुण्यांची हायब्रिड १८. किलोमीटरला डिझेल पाच रुपये तीस पैसे, हायब्रिड पाच ऐंशी. तिथे ब्रेकच कमी, मग बॅटरी भरणार कशाने? लांब चढाला ती पाऊण युनिट लवकर संपते आणि ओझं एकट्या छोट्या पेट्रोल इंजिनावर येतं. त्यांनी डिझेल सोडू नये. मित्राचा एकच सल्ला माझ्यासाठी अर्धा बरोबर आणि साडूंसाठी पूर्ण चूक. सरसकट शिफारस म्हणतात ती हीच.

आता धोरणाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, दीड हजार सीसीपर्यंतच्या डिझेलला जीएसटी १८ टक्के. मधल्या आकाराच्या हायब्रिडला ४० टक्के. कोंडीत कमी इंधन जाळणारी गाडी चैनीची, आणि धूर काढणारी गरजेची. वर हवा खराब झाली म्हणून बोट आपल्या टेम्पोकडे! जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा अभ्यास करायला सांगितला, आणि सरकारने त्याच महिन्यात समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवता येतील का, हा तिचा विषय. मिरा-भाईंदर याच प्रदेशात आहे. लक्षात घ्या, हायब्रिडसुद्धा पेट्रोलच जाळते. उद्यासाठी सुरक्षित म्हणून वीस लाख घालायचे आणि उद्या तीच दारात अडवायची, हा धोका शेतकऱ्याने का घ्यावा? हवा स्वच्छ हवी, त्यात दुमत नाही. पण मग कर आणि नियम एका दिशेने चालू देत.

माझा निर्णय सांगतो. २०२८ पर्यंत जीप चालवणार, पीयूसी वेळेवर, सर्व्हिस वेळेवर. क्रेटसाठी शेजारच्या दोघांबरोबर सीएनजी टेम्पो भागीत बघतोय, फेरीचं भाडं क्रेटवर वाटून. मुलाला मिरा रोडला कामाला जायला त्याची दुचाकी आहे. आठ लाख वाचले तर विहिरीचा गाळ काढून ठिबक बदलेन. ते पाणी दरवर्षी पीक देतं. गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरते.

मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन आला आणि म्हणाला, "रनिंग आठशे नाही, साडेआठशे आहे." मी म्हटलं, घाल. हप्ता तरीही १२,८७० च होता.

तुम्हीही गाडी बघायला जाण्याआधी महिनाभर तीन गोष्टी वहीत लिहा : किती किलोमीटर, त्यात कोंडीचे किती, आणि ओझं किती. मग आकडे इथे टाका, आपण मिळून हिशेब मांडू. आणि कृषीवाल्या मित्रांनो, राग मानू नका. अळीचा सल्ला तुमचा शंभर टक्के बरोबर होता. कामगंध सापळे लावलेत.