इंजिन बदलण्याआधी माप घ्या

दहा-बारा वर्षांच्या पिकअपने धूर मारायला आणि ऑइल खायला सुरुवात केली की मालकाला सल्ल्यांची कमतरता पडत नाही. कोणी म्हणते, कुर्ल्याच्या बाजारातून तयार इंजिन आणून टाका. कोणी म्हणते, बसवायचेच आहे तर जरा दमदार बसवा. कोणी गाडीच मोडीत काढायला सांगते. नाशिक जिल्ह्यात कांद्याचा हंगाम भरात असताना गाडी उभी राहिली, तर सगळ्यात लवकर होणारा उपाय सगळ्यात चांगला वाटतो. तरीही चेसिस धड असेल, तर बहुतेक वेळा गाडीचेच इंजिन मापे घेऊन नीट बांधून घेणे फायद्याचे ठरते. त्याच मॉडेलचे, कागद असलेले दुसरे इंजिन हा त्यानंतरचा पर्याय. वेगळ्या जातीचे इंजिन हा मात्र पर्यायच नव्हे.

याचे पहिले कारण असे की बरीच इंजिने पुरेशा चौकशीशिवायच बाद ठरवली जातात. काळा धूर आणि मेलेला पिकअप यांचे मूळ अनेकदा पंप-नोझलमध्ये किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये असते. रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, पण ते रिंगांवाटे येते की व्हॉल्व्ह सीलवाटे, हे सांगत नाही. त्यासाठी आधी कॉम्प्रेशन तपासावे लागते आणि इंजिन खोलल्यावर बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये व खाली मोजावा लागतो. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग परत फिरते तिथे होते. त्यामुळे हात फिरवून ‘बोअर ठीक आहे’ म्हणण्याला अर्थ नसतो. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजले की तो ग्राइंडिंग करून कमी मापाच्या बेअरिंगवर चालेल की नाही, ते कळते. इंजिन का गेले, हेही याच वेळी शोधायचे. एअर फिल्टरच्या फाटक्या पाइपातून धूळ आत जात असेल किंवा रेडिएटर चोंदलेला असेल, तर नवे आणलेले इंजिनही त्याच वाटेने जाईल.

दुसरे कारण कागदाचे आहे. इंजिन क्रमांक आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत तो कळवावा लागतो. जुन्या बाजारातल्या इंजिनाला पक्के बिल नसेल, तर ते अपघातातल्या गाडीचे आहे की चोरीच्या, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पासिंगच्या वेळी किंवा विम्याचा दावा करताना क्रमांक जुळला नाही, की स्वस्तात मिळालेला माल महागात पडतो. शिवाय त्या इंजिनाची आतली झीज कोणी मोजलेली नसते. बाहेरून डिझेलने धुऊन रंग मारला की सगळीच इंजिने सारखी दिसतात.

दमदार इंजिनाचा मोह तर याहून फसवा. महिंद्राच्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या डीआय इंजिनाची क्षमता २५२३ सीसी, आणि नंतरच्या कॉमन रेल इंजिनाचीही तेवढीच. आकडा एकच असला, तरी दुसऱ्याला उच्च दाबाचा पंप, सेन्सर, वायरिंग आणि ईसीएम लागतो. नुसता सांगाडा उचलून बसवता येत नाही. ताकद वाढवली तर जादा भार क्लच, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलवर येतो, आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे.

यावर वेळेचा आक्षेप येईल. तयार इंजिन दोन दिवसांत बसते, बांधणीत लेथवाल्याकडच्या रांगेसह आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढे भाडे बुडते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच धूर दिसू लागताच मोजणी करून काम हंगामाबाहेर काढावे. भर रस्त्यात इंजिन जाम झाल्यावर निवडायला फारसे उरत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक शेवटच्या मापाच्याही पुढे गेला असेल, तर बिलासह त्याच मॉडेलचे इंजिन घेणे योग्यच. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. बांधलेले बीएस-३ इंजिन बीएस-६ होत नाही, हे मान्य करायलाच हवे. शहरात रोज फिरणाऱ्या गाडीसाठी नवी घेण्याचा हिशेब म्हणूनच मांडावा, आणि चेसिस गंजून गेली असेल तर इंजिनावर पैसा घालूच नये. पण हंगामात बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीमागे नव्या कर्जाचा हप्ता लावून घेणे लहान मालकाला परवडतेच असे नाही. झिजलेल्या इंजिनाने ऑइल जाळत फिरण्यापेक्षा ते मापात आणलेले केव्हाही बरे.

म्हणून गॅरेजमध्ये ‘किती घेणार?’ हा पहिला प्रश्न नसावा. चारही सिलिंडरची आणि क्रँकची मापे कागदावर लिहून मागावीत, मगच दर ठरवावा. जो मिस्त्री ती लिहून देतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी काम त्यालाच द्यावे.