पंचनाम्यात वाचलेलं शेतही लिहा

उधाणाचं पाणी शेतात शिरलं की आपल्या न्हावा-शेवा, उरण पट्ट्यात एकच वाक्य ऐकू येतं, "उघाडी मोडली म्हणून भात गेलं." समोरचा लगेच म्हणतो, "धड उघाडीच्या बाजूलाही गेलंच की!" वाद तिथेच थांबतो आणि मोडकी उघाडी तशीच राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण फक्त गेलेली शेतं मोजतो. पंचनामाही त्यांचाच. पण वाचलेली शेतं मोजल्याशिवाय उघाडी आणि नुकसान यांचा संबंध दाखवताच येत नाही.

वहीत चार खण आखा. समजा, मोडक्या उघाडीकडे 20 शेतं, त्यातली 14 खारावली, 6 वाचली. धड उघाडीकडेही 20, त्यातली 5 खारावली, 15 वाचली. म्हणजे 40 पैकी 19 गेली. उघाडीचा संबंध नसता तर दोन्हीकडे साडेनऊच्या आसपास गेली असती. आता प्रत्येक खणात प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यातला फरक काढा, त्याचा वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा. चारही खणांची बेरीज 8.12 येते. 5 टक्के पातळीला मर्यादा 3.84. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड. कार्ल पिअर्सनने 1900 साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी ती हीच.

दोन गोष्टी सांभाळा. एकाच खांडीने लागून असलेली दहा शेतं बुडाली, तर ते दहा वेगळे पुरावे नव्हेत. चाचणी प्रत्येक नोंद स्वतंत्र धरते, म्हणून एका उघाडीवर न थांबता खारपट्ट्यातल्या जमतील तितक्या उघाड्या घ्या. दुसरं, भाताची जात आणि जमिनीचा सखलपणा लिहा. पनवेल-3 सारखी खार सोसणारी जात आणि साधी जात एकाच खणात कोंबली, तर श्रेय-दोष भलत्यालाच जाईल. त्यांचे तक्ते वेगळे करा. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलंच असं नाही, पण दुरुस्तीची मागणी करायला हातात आकडा येतो.

"वाचलेलं लिहिलं तर भरपाई कमी होईल," ही भीती मी ऐकतो. पण ही नोंद भरपाईसाठी नाही, उघाडीसाठी आहे. भरपाई एका हंगामाची. उघाडी दुरुस्त झाली तर पुढचे हंगाम वाचतात. तलाठी लिहीत नसतील तर आपण लिहू. गट नंबर, जात, उघाडी, खारावलं की वाचलं, एवढंच.