पिवळ्या क्रीमचा फंडा

ऑफिसातला बर्थडे म्हणजे एक ठरलेला सीन. चार वाजता एचआरची मुलगी बॉक्स घेऊन येते, क्युबिकल्समधून माना वर येतात, टाळ्या, फोटो, आणि मग कागदी डिशमध्ये स्पंजचा एक तुकडा आणि त्याच्यावर पांढऱ्या फेसाचा डोंगर. अर्धं पब्लिक तो डोंगर बोटाने बाजूला सारतं आणि खालचा स्पंज खाऊन डेस्कवर परत. फ्रीलान्सर असल्यामुळे मी महिन्याला तीन-चार वेगवेगळ्या ऑफिसांत असते. सगळीकडे सेम टू सेम.

बऱ्याच बेकऱ्यांमध्ये ते क्रीम दुधाचं नसतंच, वनस्पती तेलापासून केलेलं टॉपिंग असतं. उकाड्यात उभं राहतं, स्वस्त पडतं, म्हणाल तो रंग घेतं. ट्रान्स फॅटवर जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आलीय, तेव्हा पूर्वीइतकं घाबरायचं कारण नाही. माझी तक्रार चवीची आहे. टाळूला तुपकट थर बसतो आणि गोड लागतं, बास.

यावर माझा उतारा म्हणजे कस्टर्ड क्रीम. फ्रेंच लोक त्याला क्रेम पातिसिएर म्हणतात. एक्लेअरच्या पोटात असतं ते, फ्रूट टार्टमध्ये फळांखाली असतं ते. दूध, अंड्याचा बलक, साखर, कॉर्नफ्लोअर, थोडं बटर. फोनवरून मागवलं तर अर्ध्या तासात घरी येणारं सामान.

आता कस्टर्ड म्हटल्यावर आपल्याला आठवतो तो डबा. उन्हाळ्याची सुट्टी, केळी-सफरचंद-द्राक्षं आणि फिकट पिवळं दूध! त्या डब्यात अंडं औषधालाही नसतं. कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास, एवढंच. ही आयडिया बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टची. त्याच्या बायकोला अंडं चालायचं नाही, म्हणून त्याने 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. पुढे तिला यीस्टही चालेना, तर पठ्ठ्याने 1843 मध्ये बेकिंग पावडर काढली. नवरा असावा तर असा! त्यामुळे डब्यातल्या कस्टर्डला 'नकली' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती वेगळी गोष्ट आहे, इतकंच.

तर प्रमाण. फुल क्रीम दूध 500 मिली, 4 बलक, साखर 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम म्हणजे सपाट 5 टेबलस्पून, बटर 30 ग्रॅम, शेवटी चमचाभर व्हॅनिला. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटात कुरकुरणारं. मक्याचं पिवळं पीठ नव्हे. बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर आधी फेटून घ्या. दूध जाड बुडाच्या पातेल्यात कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि त्यातलं पळीभर बलकात ओता, हात फिरवत राहा. मग आणखी पळीभर, मग उरलेलं. सगळं एकदम ओतलं तर गोड भुर्जी तयार! आता हे मिश्रण पुन्हा पातेल्यात आणि गॅस मध्यम.

खरी गोम यापुढे. घट्ट झालं की आपला जीव घाबरतो, अंडं फुटेल म्हणून आपण गॅस बंद करतो. तसं करू नका. नुसत्या बलकाचं कस्टर्ड उकळलं तर फुटतं, हे खरं; पण इथे कॉर्नफ्लोअर त्याला सांभाळून घेतं. उलट न उकळण्यातच लोच्या आहे. बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते स्टार्च तोडतं. पुरेशी उष्णता मिळाली नाही तर ते जिवंत राहतं, आणि रात्री घट्ट दिसलेलं क्रीम सकाळी फ्रीजमध्ये पातळ सापडतं. म्हणून मधोमध मोठे बुडबुडे फुटायला लागल्यावरही पूर्ण एक मिनिट, हवं तर दोन, न थांबता ढवळा. पातेल्याच्या कडा सोडू नका, गुठळ्या तिथेच लपतात. मग खाली उतरवून बटर, व्हॅनिला, आणि गाळणीतून गाळून पसरट ताटात. वर प्लास्टिक रॅप थेट क्रीमला चिकटवून लावा, नाहीतर दुधावर येते तशी जाड साय धरेल. वाफ गेली की लगेच फ्रीज.

हे सगळं मी करते ते विमाननगरच्या मैत्रिणीच्या ओट्यावर. मी राहते सदाशिव पेठेत, आणि माझ्या अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटमध्ये 'घरात मांसाहार व अंडे शिजवणार नाही' असं कलम आहे. त्यावर सही माझी आहे. दुसऱ्याने काय खावं हे भाड्यात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी काकूंना सांगितलंही आहे. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल गं, पण माझ्याच्याने होणार नाही." भांडायला समोर कुणी वाईट माणूस असावं लागतं ना! मला ताप आला तेव्हा दोन वेळची मऊ खिचडी याच काकूंनी वर पाठवली होती.

मग त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला केक करायची वेळ आली. बिनअंड्याचं क्रीम मी तोवर कधी मनावर घेतलं नव्हतं. तीनदा करून बघितलं तेव्हा प्रमाण जमलं: 500 मिली दूध, कॉर्नफ्लोअर 45 ग्रॅम, दूध पावडर 3 टेबलस्पून, साखर 90 ग्रॅम, बटर 40 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. बलकाचा स्निग्धपणा दूध पावडर आणि बटर बऱ्यापैकी भरून काढतात. रंगासाठी केशर. डब्यातली पावडरही चालते, पण त्यावरचं प्रमाण वाटीत ओतून खायच्या कस्टर्डचं असतं. केकमध्ये भरायचं तर दुपटीहून थोडी जास्त लागते. बलकवाल्याची सर येते का? नाही येत. थोडं खिरीच्या बाजूला झुकतं. काकूंनी चमचा तोंडात घालण्याआधी एवढंच विचारलं, "अगं, भांडी तीच का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, तुमचीच आहेत, खालचीच." पुढे एक प्रश्न नाही. विमाननगरचं पातेलं विमाननगरलाच राहतं, व्हिस्कसुद्धा. कलम मला मान्य नाही, पण त्या एका प्रश्नावर खोटं उत्तर द्यायची वेळ मला आणायची नाहीये.

केकमध्ये भरताना क्रीम आधी फेटून मऊ करा. थरांच्या कडेने फेटलेल्या क्रीमचा किंवा बटरक्रीमचा बांध घाला, नाहीतर वरचा थर ओलाच्या गाडीसारखा वळणावर घसरतो. हलकं हवं असेल तर फेटलेलं क्रीम मिसळा. पण टेट्रापॅकमधलं 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम फेटलं जात नाही, किमान 30 टक्क्यांचं लागतं. हापूस झकास, चिकूही. कच्चा अननस मात्र दुधाबरोबर कडवट होतो, तो आधी साखरेत शिजवून घ्या. टार्टच्या तळाला वितळलेलं चॉकलेट फासलं की तो ओला पडत नाही. फ्रीजमध्ये 2 दिवस, फार तर 3. फ्रीजरमध्ये नको, पाणी सुटतं. ऑफिसला नेणार असाल तर बर्फाच्या पॅकसोबत, आणि पोचल्या पोचल्या पॅन्ट्रीच्या फ्रीजमध्ये, नाव लिहून.

उरलेले चार पांढरे फेकू नका. माझी मैत्रीण कांदा-मिरची घालून त्यांचं ऑम्लेट करते, आणि तेवढ्यासाठी मला पुढच्या शनिवारी परत बोलावते.