नवी गोधडी : आधी धुणे की आधी पांघरणे?



गेल्या महिन्यात एका सूनबाईंचे पत्र आले. सासूबाई निवर्तल्यावर त्यांच्या चार सुती साड्यांची गोधडी त्यांनी शिवून घेतली. सासरे 78 वर्षांचे. मधुमेह जुना, पावले बधिर झालेली. सूनबाईंना गोधडी धुऊनच अंथरायची होती. सासरे म्हणाले, ‘‘धुऊ नका, तिचा वास जाईल.’’ आता कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न.

माझे उत्तर असे की, ऐकावे दोघांचेही. मात्र गोधडी धुवावीच.

नवी गोधडी स्वच्छ दिसते, पण तिचे कापड नवे नसते. वर्षानुवर्षे पेटीत राहिलेल्या साड्यांत धूळ असते आणि त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे कीटकही असू शकतात. दमा किंवा जुनी सर्दी असलेल्यांना त्यांचा त्रास होतो. किनारीसाठी लावलेल्या नव्या कापडात खळ आणि जास्तीचा रंग असतो. वृद्धांची त्वचा पातळ व कोरडी असल्याने तिला खाज सुटू शकते.

त्याहून महत्त्वाच्या आहेत डांबरगोळ्या. आजी नातवंडासाठी हौसेने दुपटे शिवते, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. डांबरगोळ्यांतील नॅप्थालीनमुळे अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, हवेत उडून जाते. म्हणून नुसते धुणे पुरेसे नाही. वास पूर्ण जाईपर्यंत कापड कित्येक दिवस मोकळ्या हवेत ठेवावे. तान्ह्या बाळासाठी तर असे कापड न वापरणेच उत्तम.

भिजवण्यापूर्वी

गोधडी उजेडात पसरून तिच्या दोन्ही अंगांवरून लोहचुंबक सावकाश फिरवावे. सुईचे मोडलेले टोक किंवा टाचणी थरांत राहून गेली असेल, तर ती बहुधा त्याला लागते. ज्यांच्या पावलांना संवेदना नाही, त्यांना सुई टोचलेली कळत नाही; जखम मात्र चिघळत जाते. वरील सासरेबुवांच्या बाबतीत हीच काळजी मला सर्वांत अधिक वाटली.

मग सुटलेले टाके आधी घालून घ्यावेत. पांढरा ओला रुमाल प्रत्येक रंगावर थोडा वेळ दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर गोधडी भिजत न ठेवता थंड पाण्यातून झटपट काढावी. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, यावर विसंबू नये.

धुताना

मोठ्या टबात गार किंवा कोमट पाणी घेऊन सौम्य साबण आधी पूर्ण विरघळवावा. पक्क्या रंगाची गोधडी त्यात अर्धा तास ठेवून तळहातांनी दाबत धुवावी. धोपटू नये, ब्रशने घासू नये, पिळू तर मुळीच नये. जुने सूत टाक्यांशी फाटते. खळखळून आलेले पाणी नितळ दिसेपर्यंत पाणी बदलावे, कारण राहिलेला साबणही त्वचेला झोंबतो. कापड भक्कम आणि टाके दाट असतील, तर यंत्रातील सौम्य धुलाई चालेल. मोकळा कापूस भरलेली रजई मात्र भिजवू नये; कापसाच्या गुठळ्या होतात. तिला कडक ऊन द्यावे.

एक कळकळीची विनंती : हे काम वृद्धांनी एकट्याने करू नये. तीन किलोंची गोधडी भिजल्यावर उचलताना दुपटी-तिपटीने जड लागते. ठिसूळ हाडे, वाकलेली पाठ आणि साबणाने निसरडी झालेली फरशी यांचा मेळ फार वाईट. टबातले पाणी आधी सोडून द्यावे, गोधडी तिथेच निथळू द्यावी आणि दोघांनी मिळून उचलावी. रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी स्वतःच्या कमरेलाही जपावे.

वाळवताना

दोन समांतर दोऱ्यांवर भार विभागून घालावी व दिवसातून दोनदा उलटावी. वरून कोरडी लागली, तरी आतले थर ओले असू शकतात. मध्यभागी हाताची मागची बाजू टेकवावी. गारवा जाणवला, तर आणखी एक दिवस ऊन द्यावे. दमट गोधडीत बुरशी धरते आणि खोकला मागे लागतो. म्हणून पावसाळ्यात हे काम काढूच नये.

पुढे वारंवार धुणे टाळण्यासाठी नाड्यांची सुती खोळ शिवावी. खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी. पाणी साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असेल, तर धुळीतले कीटक मरतात. जुन्या साड्यांना एवढी उष्णता सोसत नाही, खोळीला सोसते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी ही सोय फार उपयोगी पडते.

राहिला प्रश्न वासाचा. ती सासऱ्यांची केवळ समजूत आहे, असे म्हणून उडवून लावू नये. जोडीदार गेल्यानंतरच्या रात्री फार लांब असतात आणि ओळखीच्या वासाने जीव थोडा निवतो. सूनबाईंना मी कळवले, की सासूबाईंची एखादी न धुतलेली चोळी किंवा रुमाल उरला असेल, तर तो झाकणाच्या डब्यात घालून सासऱ्यांच्या उशाशी ठेवावा. डांबरगोळी त्यात टाकू नये. आणि गोधडी उन्हात घालताना सासऱ्यांनाही अंगणात खुर्ची द्यावी. कोणती साडी कधी घेतली होती, ते त्यांना सांगू द्यावे. गोधडी वाळायला दोन दिवस लागतील. तेवढे ऐकून घ्यायला आपल्यालाही सवड मिळेल.