लांब बाह्यांची कैफियत

वैशाखातल्या एका लग्नघरी बांगड्या भरण्याच्या वेळी चौदा वर्षांच्या एका मुलीने हात पुढे केला नाही. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा पोशाख, कपाळावर घाम. आत्याबाई म्हणाल्या, "लाजते आहे." कासारणीने मात्र तिचा हात हाती घेतला, बाही बोटभर वर सरकवली, क्षणभर थांबून ती होती तशी खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, हिच्या मापाच्या बांगड्या संपल्यात आज." पेटी भरलेली मला दिसत होती.

स्वतःच्या देहाला इजा करून घेणारी मुले केवळ लोकांचे लक्ष वेधण्यासाठी तसे करतात, असा जो पूर्वपक्ष सुशिक्षित घरांतून आणि शिक्षकांच्या खोल्यांतूनही निःशंकपणे मांडला जातो, त्याने प्रथम त्या बाह्यांचा खुलासा करावा. ज्याला प्रेक्षक हवा, तो ऐन उन्हाळ्यात पुरावा झाकीत नाही. मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनोरुग्णालयात दाखल झालेल्या किशोरांनाच कारणे विचारली, तेव्हा इतरांवर परिणाम घडवण्यापेक्षा असह्य भावना थांबवणे किंवा बधिर मनाला काहीतरी जाणवणे, हेच हेतू अधिक पुढे आले. ज्या दुःखाला नाव सापडत नाही आणि ज्या स्वतःविषयी घृणाच वाटते, त्यांच्याशी चाललेला हा एकाकी झगडा आहे. त्यातून मिळणारा उतार क्षणाचा, आणि मागाहून येणारी लाज मात्र मूळ दुःखात भर घालणारी. आणि क्वचित एखाद्या मुलाला आपल्याकडे कुणी पाहावे असे वाटलेच, तर लक्ष मागणे हा गुन्हा कधीपासून ठरला?

"धाक नाही म्हणून हे चाळे," हा दुसरा आक्षेप तर रोगालाच औषध समजतो. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात भावनांना सतत खोटे ठरवणाऱ्या घराचे जे वर्णन केले, ते आपल्या "एवढ्याशाचा बाऊ करू नकोस" या वाक्याहून फार निराळे नाही. दप्तराची झडती, मोबाइलची जप्ती, चारचौघांत जाबजबाब: आपण शिक्षेलाच पात्र आहोत, अशी ज्या मुलाची आधीच खात्री झालेली असते, त्याच्या त्या खात्रीवर आपण घरचा शिक्का उमटवतो.

"जीव द्यायचा नव्हता ना, मग सोडून द्या," असे म्हणणारेही भेटतात. या कृतीत पुष्कळदा मरणाची इच्छा नसते, हे खरे. मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ सालीच तिच्यात तगून राहण्याची धडपड ओळखली होती. परंतु अशा मुलांत पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे, म्हणून भावना सोसण्याचे कौशल्य शिकवणारा लिनेहन यांचा उपचार, जवळचा समुपदेशक, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा अहोरात्र विनामूल्य चालणारा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक, यांपैकी एक दार, कळेल त्याच आठवड्यात, ठोठावले गेले पाहिजे.

निघताना कासारणीने मुलीच्या आईला परसदारी बोलावून हळू आवाजात काही सांगितले. त्या रात्री आईने काही विचारले नाही. गच्चीवर पाहुण्यांत मांडलेले आपले अंथरूण उचलून तिने मुलीच्या शेजारी घातले, आणि बऱ्याच वेळाने मुलगीच बोलू लागली.